सागरी नाकेबंदी कायदेशीर केव्हा ठरते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. युद्धात गुंतलेल्या एका देशाने शत्रूच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली आणि तटस्थ देशाचा झेंडा लावलेले, धान्य घेऊन निघालेले एक व्यापारी जहाज किनाऱ्यापासून साठ सागरी मैलांवर, म्हणजे खुल्या समुद्रात, अडवले. एक मित्र म्हणतो की नाकेबंदी रीतसर जाहीर झाली होती, त्यामुळे अडवणे कायदेशीरच. दुसरा म्हणतो की नाकेबंदी हेच मुळात आक्रमण आहे आणि खुल्या समुद्रात परक्याचे जहाज थांबवणे ही चाचेगिरी आहे. यांत खरे कोणाचे, असे आपण विचारले आहे.

मी जहाजमालकांना आणि सागरी विम्याच्या व्यवसायातील मंडळींना सल्ला देण्याचे काम करतो, आणि हाच वाद वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे अनेकदा आला आहे. माझ्या मते दोघेही मित्र अर्धवट बरोबर आहेत, कारण दोघेही तीन निरनिराळे प्रश्न एकाच उत्तरात उरकू पाहतात. त्या देशाला बळ वापरण्याचा अधिकार होता का, हा पहिला प्रश्न. नाकेबंदी ज्या पद्धतीने लादली ती नियमांत बसते का, हा दुसरा. आणि या विशिष्ट जहाजाला, त्या ठिकाणी, तशा रीतीने अडवता येत होते का, हा तिसरा. एकाचे उत्तर ‘होय’ आले म्हणून बाकीच्यांचे तसेच येईल असे नाही.

चाचेगिरीचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो सोपा आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार चाचेगिरी म्हणजे खासगी जहाजाने खासगी हेतूने केलेली लूट किंवा हिंसा. सरकारच्या हुकमाखाली चालणाऱ्या युद्धनौकेचे कृत्य कितीही बेकायदेशीर असले तरी ते चाचेगिरीत मोडत नाही. ते त्या राष्ट्राचे कृत्य असते आणि त्याचा जाब त्या राष्ट्रालाच विचारावा लागतो.

आता पहिला प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाच्या वापराला मनाई करते, आणि आमसभेने १९७४ मध्ये ठराव ३३१४ द्वारे आक्रमणाची जी व्याख्या स्वीकारली तिच्या तिसऱ्या कलमात दुसऱ्या राष्ट्राच्या बंदरांची किंवा किनाऱ्याची नाकेबंदी स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. त्यामुळे दुसऱ्या मित्राचे म्हणणे हवेतले नाही. मात्र त्याच सनदेचे कलम ५१ सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते, आणि सुरक्षा परिषद कोणती लष्करी पावले उचलू शकते हे सांगणाऱ्या कलम ४२ मध्ये तर नाकेबंदीचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे नाकेबंदी हे एक हत्यार आहे, आणि ते कोणी, कोणत्या कारणाने उचलले यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून राहते. ते उत्तर प्रत्येक युद्धात वादग्रस्त असते, आणि वकील म्हणून मी ते कोणालाही छातीठोकपणे देत नाही.

पूर्वी शांततेच्या काळातही नाकेबंदी होत असे. १९०२ च्या डिसेंबरात ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी थकलेल्या कर्जांच्या व नुकसानभरपाईच्या वसुलीसाठी व्हेनेझुएलाची बंदरे रोखली. १९०४ मध्ये हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाने नाकेबंदी करणाऱ्या देशांच्या देण्यांना इतर धनकोंच्या आधी प्राधान्य दिले, म्हणजे दांडगाईला व्याजासकट फळ मिळाले. आजच्या कायद्यात असा मार्ग उरलेला नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाकडे जाणारी जहाजे रोखताना अमेरिकेने ‘नाकेबंदी’ हा शब्द मुद्दाम टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटले आणि अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या ठरावाचा आधार घेतला, कारण नाकेबंदी म्हटले की युद्ध चालू असल्याची कबुली दिल्यासारखे होते. या शब्दाचे वजन लिंकन यांच्याही वाट्याला आले होते. १८६१ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकी यादवी युद्धाच्या सुरुवातीला, त्यांनी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, तेव्हा आपल्याच देशातील बंड मोडत असल्याचा त्यांचा दावा आणि परक्यांची जहाजे पकडण्याचा युद्धकालीन हक्क यांचा मेळ बसेना. १८६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नाकेबंदी वैध ठरवली, पण ती प्रत्यक्षात युद्ध चालू असल्याचे मान्य करूनच.

इथे एक फरक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण बातम्यांमध्ये तो हमखास पुसला जातो. जहाज थांबवून झडती घेणे आणि शत्रूकडे चाललेला युद्धोपयोगी, म्हणजे निषिद्ध, माल जप्त करणे हा युद्धमान राष्ट्राचा वेगळा हक्क आहे आणि त्याला नाकेबंदी लागत नाही. तिथे माल काय आहे हे पाहिले जाते. नाकेबंदीत, पुढे येणारा अन्न-औषधांचा अपवाद सोडला तर, मालाचा प्रश्नच येत नाही. आत जाणारे आणि बाहेर येणारे प्रत्येक जहाज, रिकामे असले तरी, अडवता येते. सुरक्षा परिषदेच्या निर्बंधांची अंमलबजावणी ही तिसरीच गोष्ट. १९६६ मध्ये ठराव २२१ ने ब्रिटनला मोझांबिकमधील बैरा बंदराकडे दक्षिण ऱ्होडेशियासाठी (आजचा झिम्बाब्वे) तेल नेणारी टँकर जहाजे गरज पडल्यास बळाने रोखण्याची मुभा दिली, आणि १९९० मध्ये ठराव ६६५ ने इराकवरील निर्बंधांसाठी समुद्रातील तपासणीला मान्यता दिली. या दोन्ही कारवायांची मर्यादा त्या त्या ठरावाच्या शब्दांइतकीच होती. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांभोवती ब्रिटनने आखलेला दोनशे सागरी मैलांचा प्रतिबंधित टापूही नाकेबंदी नव्हता.

२०२३ चे उदाहरण याहून बोलके आहे. काळ्या समुद्रातून धान्य बाहेर काढण्याचा जो करार जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलमध्ये झाला होता, त्यातून रशिया जुलै २०२३ मध्ये बाहेर पडला आणि युक्रेनच्या बंदरांकडे जाणारी सर्व जहाजे लष्करी मालाची संभाव्य वाहक मानली जातील असे त्याने जाहीर केले. पुढच्या महिन्यात पलाऊचा झेंडा लावलेल्या ‘सुक्रू ओकान’ या जहाजावर रशियन गस्तनौकेने इशाऱ्याच्या फैरी झाडल्या, सैनिक उतरवून तपासणी केली आणि मग जहाज सोडून दिले. साऱ्या जगाने त्या परिस्थितीला नाकेबंदी म्हटले, पण रशियाने रीतसर नाकेबंदी जाहीर केली नव्हती. घोषणेची भाषा निषिद्ध मालाची होती आणि परिणाम नाकेबंदीचा होत होता. अशा वेळी त्या राष्ट्राला नाकेबंदीचे अधिकार मिळत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या व्यवसायातील बहुतेक वाद याच ठिकाणी लढले जातात. नाकेबंदीवर स्वतंत्र, सर्वांना बंधनकारक असा आधुनिक करार नाही. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने एका वाक्यात मूळ तत्त्व घातले: नाकेबंदी बंधनकारक व्हायची तर ती परिणामकारक असली पाहिजे. १९०९ च्या लंडन जाहीरनाम्याने तपशीलवार नियम लिहिले. त्याला मान्यता कधी मिळाली नाही, तरी त्यातील नाकेबंदीचे बरेचसे नियम रूढ कायदा म्हणून टिकले. आणि १९९४ मध्ये तज्ज्ञांनी तयार केलेली सान रेमो नियमपुस्तिका आज सर्वजण उघडतात. ती करार नाही, पण न्यायाधीश, नौदले आणि विमावाले तिचाच आधार घेतात.

पहिली अट घोषणेची. नाकेबंदी कधी सुरू होणार, किती काळ चालणार, किनाऱ्याचा कोणता भाग तिच्यात येतो आणि आधीपासून बंदरात असलेल्या तटस्थ जहाजांना बाहेर पडायला किती मुदत आहे, हे घोषणेत यावे लागते, आणि ती सर्व तटस्थ राष्ट्रांना कळवावी लागते. लंडन जाहीरनामा तर इतका कडक होता की प्रत्यक्ष कारवाई घोषणेत दिलेल्या तारखेशी आणि सीमांशी जुळली नाही, तर घोषणाच रद्द समजून नवी काढावी लागे. हे कागदी सोपस्कार वाटतात, पण ते तसे नाहीत. एकदा एका जहाजमालकाने रात्री उशिरा मला जहाजाच्या ब्रिजवरून आलेल्या नॅव्हटेक्स इशाऱ्याची, म्हणजे जहाजांना रेडिओवरून मिळणाऱ्या लेखी सुरक्षा सूचनेची, प्रत पाठवून ‘नाकेबंदी लागली, मार्ग बदलू का?’ असे विचारले. चार ओळींचा मजकूर होता. अक्षांश-रेखांशांचे चार कोपरे, ‘नौकानयनास धोकादायक’ हे शब्द, आणि ‘दूर राहा’ ही सूचना. सुरुवातीची वेळ होती, शेवट नव्हता. कोणत्या किनाऱ्याबद्दल आहे हे नव्हते, मुदतीचा उल्लेख नव्हता. मी त्यांना सांगितले की मार्ग अवश्य बदला, कारण धोका खरा आहे. पण याला नाकेबंदी म्हणू नका, कारण एवढ्या कागदावर तुमचे जहाज जप्त करण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. धोका आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि आमच्या धंद्यात दोन्हींचा हिशेब स्वतंत्र वह्यांत ठेवावा लागतो.

दुसरी अट परिणामकारकतेची, आणि माझ्या मते सगळ्या कायद्याचा कणा हाच आहे. १८०६ मध्ये नेपोलियनने बर्लिनच्या फर्मानाने सबंध ब्रिटिश बेटांची नाकेबंदी ‘जाहीर’ केली, तेव्हा ती राखायला त्याच्याजवळ पुरेसे आरमार नव्हते. ब्रिटननेही त्या काळात युरोपच्या लांबलचक किनाऱ्यांबाबत तसेच केले. कागदावरच्या या नाकेबंद्यांनी तटस्थ व्यापाऱ्यांची कोंडी केली, आणि १८५६ चा नियम त्याच अनुभवातून आला. त्यामागचे तर्कशास्त्र मला फार पटते. नाकेबंदी करणारे राष्ट्र ज्यांच्याशी त्याचे भांडण नाही अशा लोकांचे समुद्रावरील स्वातंत्र्य हिरावून घेत असते. ते स्वातंत्र्य फुकटात घेता येणार नाही, त्याची किंमत जहाजे, माणसे आणि गस्त यांच्या रूपाने मोजावी लागेल, असे हा नियम सांगतो. ज्याला ती किंमत परवडत नाही त्याला नाकेबंदी करता येत नाही.

मात्र परिणामकारक म्हणजे एकही जहाज निसटता कामा नये असे नाही. अमेरिकी यादवी युद्धात शेकडो चपळ वाफेची जहाजे चार्ल्स्टन आणि विल्मिंग्टनच्या बंदरांत रात्रीच्या अंधारात ये-जा करीत होती, तरी ती नाकेबंदी मान्य झाली. वादळामुळे ताफा काही काळ हटला तरी नाकेबंदी मोडत नाही. आत किंवा बाहेर जाणाऱ्या जहाजाला पकडले जाण्याचा खरा धोका वाटावा, अशी परिस्थिती असणे ही कसोटी आहे, आणि ती वस्तुस्थितीची बाब मानली जाते. १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’वरची विमाने चितगाव आणि कॉक्स बझारवर घिरट्या घालत होती, तेव्हा पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर तसा धोका सर्वांना दिसत होता.

ताफा बंदराच्या तोंडाशीच उभा असावा, हा जुना आग्रह आज उरलेला नाही. सान रेमो पुस्तिका लष्करी गरजेप्रमाणे अंतर ठरवण्याची मुभा देते. या शिथिलतेचा उगम पहिल्या महायुद्धात आहे. ब्रिटनने जर्मनीचा किनारा दुरून, उत्तर समुद्राच्या दोन्ही दारांवर पहारा ठेवून रोखला. १९१५ च्या मार्चमधील आदेशानंतर तटस्थ बंदरांकडे जाणारा पण शत्रूसाठी असल्याचा संशय असलेला मालही थांबवला गेला. जुन्या मापाने ती नाकेबंदी कमकुवत होती, कारण बाल्टिकमध्ये जर्मनी आणि स्वीडन यांचा व्यापार चालू राहिला, म्हणजे सर्वांना सारखे लागू करण्याचा नियमही मोडला. ब्रिटनने तिला प्रत्युत्तरादाखलची कारवाई म्हटले, पण पुढच्या पिढ्यांनी दूरची नाकेबंदी स्वीकारली. सागरी कायद्यात हे वारंवार घडते. बलाढ्य आरमार आधी नियम वाकवते आणि मग कायदा त्याच्यामागून चालत येतो.

नाकेबंदी केवळ सुरुंगांवर सोपवता येते का, असेही अधूनमधून विचारले जाते. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेने हायफाँग बंदराच्या वाटेत सुरुंग पेरले, पण ते कार्यान्वित होण्याआधी तिथल्या जहाजांना बाहेर पडायला दिवसाउजेडीचे तीन कालावधी दिले. उलट निकाराग्वाच्या बंदरांत अमेरिकेने कोणालाही न कळवता सुरुंग पेरले, आणि १९८६ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याबद्दल तिला दोषी ठरवले. या दोन घटनांमधील फरक सुरुंगांचा नाही, पूर्वसूचनेचा आहे.

तटस्थ राष्ट्रांची बंदरे आणि त्यांच्याकडे जाण्याचा मार्ग नाकेबंदीने रोखता येत नाही, आणि नाकेबंदी झेंडा पाहून निवडक करता येत नाही. या दोन अटी सांगून मी आता सर्वांत अवघड अटीकडे येतो, कारण आपले जहाज धान्याचे होते.

सान रेमो पुस्तिकेचा परिच्छेद १०२ दोन प्रकारच्या नाकेबंद्यांना मनाई करतो. नागरिकांची उपासमार करणे किंवा जगण्यास आवश्यक वस्तूंपासून त्यांना वंचित ठेवणे हा जिचा एकमेव हेतू आहे ती. आणि जिच्यामुळे नागरी लोकसंख्येचे होणारे नुकसान प्रत्यक्ष लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी आहे ती. ‘एकमेव हेतू’ हे शब्द मला पहिल्यापासून खटकत आले आहेत. कोणतेही सरकार उपासमार हाच आमचा हेतू आहे असे लिहून देत नाही; शस्त्रे रोखायची आहेत असे प्रत्येकजण सांगतो. म्हणून पहिली मनाई व्यवहारात जवळजवळ बिनकामाची आहे आणि सगळा भार दुसरीवर, प्रमाणबद्धतेवर, पडतो. तिथे मात्र हेतू सिद्ध करायची गरज नसते. किती माल आत जात होता, किती लागत होता, लोकांची अवस्था काय झाली, हे मोजता येते.

शिवाय आतील लोकांकडे अन्नाचा पुरेसा साठा नसेल, तर परिच्छेद १०३ नुसार नाकेबंदी करणाऱ्याने अन्न आणि इतर आवश्यक वस्तू जाऊ दिल्याच पाहिजेत. तपासणी करण्याचा, मार्ग ठरवण्याचा आणि वितरण रेडक्रॉससारख्या निःपक्षपाती संस्थेच्या देखरेखीखाली व्हावे अशी अट घालण्याचा हक्क त्याला राहतो. औषधांसाठी परिच्छेद १०४ मध्ये तशीच तरतूद आहे. म्हणजे धान्याचे जहाज तपासणीसाठी थांबवणे आणि धान्य पोहोचूच न देणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. येमेनसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१६ पासून जिबूतीत जी तपासणी यंत्रणा उभी केली, तिचा पायाही हाच होता.

हे मोजमाप किती वादग्रस्त होऊ शकते, याचे उदाहरण गाझाचे आहे. इस्रायलने ३ जानेवारी २००९ रोजी गाझाच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. ३१ मे २०१० च्या पहाटे ‘मावी मार्मरा’ या जहाजावर किनाऱ्यापासून सुमारे ७२ सागरी मैलांवर इस्रायली कमांडो उतरले आणि नऊ प्रवासी ठार झाले. दहाव्याचा मृत्यू पुढे कित्येक वर्षांनी झाला. मानवी हक्क परिषदेच्या सत्यशोधन पथकाने नागरिकांवरील अवाजवी परिणामामुळे ही नाकेबंदीच बेकायदेशीर ठरवली. न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०११ मध्ये नाकेबंदी कायदेशीर मानली, पण नाकेबंदीच्या टापूपासून इतक्या दूर, शेवटचा इशारा न देता, एवढ्या बळानिशी जहाजावर चढणे अतिरेकी आणि अवाजवी असल्याचे नोंदवले. एकच घटना, एकच नियम, आणि दोन निष्कर्ष. मी पामर समितीची मांडणी आपल्याला मुद्दाम सांगतो, ती अंतिम आहे म्हणून नाही, तर सुरुवातीला मी जो दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगळा काढला, तो तिने किती स्पष्ट वेगळा ठेवला हे दिसावे म्हणून.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे आपले जहाज. साठ मैलांचे अंतर स्वतःहून काही ठरवत नाही. युद्धकाळात तटस्थ जहाज खुल्या समुद्रातही थांबवता येते, पण नाकेबंदी मोडण्याच्या प्रयत्नात ते होते असे मानायला सबळ कारण हवे. किती दूरवर पकडता येते यावर जुना मतभेद आहे. इंग्रज-अमेरिकी परंपरेत त्या बंदराच्या इराद्याने नांगर उचलला की जहाज दोषी होत असे, तर लंडन जाहीरनामा नाकेबंदी राखणाऱ्या नौकांच्या कार्यक्षेत्रातच पकडण्याची परवानगी देतो. मी व्यवहारात दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण ती मोजता येते. इशारा मिळूनही जहाजाने उघड प्रतिकार केला, तरच त्याच्यावर हल्ल्याचा विचार करता येतो. एरवी ते पकडून बंदरात न्यायचे आणि प्राइझ न्यायालयाने, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाने, जप्तीचा निर्णय करायचा. युद्धनौकेचा कप्तान मालकी बदलू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जहाजाला नाकेबंदी ठाऊक होती का, हे पाहिले जाते. त्याच्या झेंड्याच्या देशाला वेळेवर कळवले असेल, तर ती ठाऊक होती असे गृहीत धरतात, अर्थात ते खोडून काढता येते. ठाऊक नसेल तर लंडन जाहीरनाम्यात एक साधी, सुंदर तरतूद आहे. नाकेबंदी करणाऱ्या ताफ्यातील अधिकाऱ्याने त्या जहाजावर जाऊन सूचना द्यायची आणि ती जहाजाच्या लॉगबुकात दिवस, वेळ आणि त्या क्षणीचे स्थान यांसह नोंदवायची. त्यानंतर जहाज परत फिरले तर त्याचा काही दोष नाही. आज हीच सूचना जहाजाच्या रेडिओवर, व्हीएचएफ चॅनेल १६ वर, येते, म्हणून मी कप्तानांना सांगतो की संभाषण शब्दशः लिहा, युद्धनौकेचा क्रमांक विचारा, आपले स्थान जीपीएसवरून उतरवा आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवा. भाडेकराराच्या युद्धजोखीम कलमात नाकेबंदीचा समावेश बहुधा असतोच, आणि त्यानुसार वळण्याचा निर्णय कप्तानाने रास्त कारणाने घेतला की नाही, हे भाडेकरूशी होणाऱ्या वादात याच नोंदीवर ठरते.

म्हणून आपल्या दोन्ही मित्रांना मी तेच कागद मागेन: घोषणेची प्रत, धान्य कोणाकडे आणि कोणत्या व्यवस्थेतून जाणार होते याचे दस्तऐवज, आणि त्या दिवसाचे लॉगबुक. सूचना न देता जहाज थेट जप्त केले असेल, किंवा तपासणीनंतरही धान्याला वाट दिली नसेल आणि आत लोक उपाशी असतील, तर नाकेबंदीची घोषणा कितीही नीटनेटकी असली तरी पहिल्या मित्राची बाजू मी घेणार नाही. याउलट घोषणा नीट होती, सूचना मिळाली होती, पर्यायी बंदरातून तपासून धान्य पाठवण्याची सोय दिली होती आणि तरीही जहाज पुढेच निघाले होते, असे लॉगबुक सांगत असेल, तर युद्ध कोणी सुरू केले याचा वाद बाजूला ठेवूनही ते अडवणे मी समर्थनीय मानेन.